टेक्सासची वाटून दिलेली सत्ता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गव्हर्नर हा कार्यकारी सत्तेचा प्रमुख असला, तरी राज्यातील अनेक मोठे अधिकारी त्याने नेमलेले नसतात. लेफ्टनंट गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, राज्याचा हिशेब पाहणारा कंट्रोलर, सरकारी जमिनींचा आयुक्त आणि कृषी आयुक्त हे सारे थेट मतदारांकडून निवडून येतात. आपल्याकडे मुख्यमंत्री मंत्र्याचा राजीनामा मागू शकतात. टेक्सासच्या गव्हर्नरला यांपैकी कोणालाही पदावरून दूर करता येत नाही.

या रचनेची बैठक १८७६ च्या राज्यघटनेत आहे. यादवी युद्धानंतर गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या हाती राज्य पोलीस दल आणि नेमणुकांचे व्यापक अधिकार एकवटले होते, आणि १८७३ ची निवडणूक हरल्यावरही ते सहजासहजी पायउतार झाले नाहीत. त्यांच्याविरुद्धच्या रोषातून नव्या राज्यघटनेने गव्हर्नरची सत्ता वाटून टाकली. मात्र त्यांच्यावरील रोषामागे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांना असलेला विरोधही होता, हे विसरता कामा नये.

विभाजनाचा लाभ सर्वांत स्पष्ट दिसतो तो खजिन्यात. १९४२ च्या घटनादुरुस्तीनुसार, अपेक्षित महसुलात खर्च भागेल असा दाखला कंट्रोलरने दिल्याखेरीज खर्चाचे विधेयक सामान्यतः पुढे जाऊ शकत नाही. २००३ मध्ये तेव्हाच्या कंट्रोलर कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनी हा दाखला सुरुवातीला नाकारला, तेव्हा गव्हर्नर त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. गव्हर्नरच्या मर्जीवर पद अवलंबून असलेल्या अधिकाऱ्याला असा नकार देणे फार अवघड गेले असते. टिमोथी बेस्ली आणि स्टीफन कोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अमेरिकी राज्यांची तुलना केली, तेव्हा वीज नियामक थेट निवडून येणाऱ्या राज्यांत विजेचे दर तुलनेने कमी आढळले. एकाच मतात सगळे विषय कोंबले गेले की वीजदरासारखा विषय मागे पडतो. स्वतंत्र निवडणुकीत तो मतदारासमोर येतो, अशी त्यांची मांडणी आहे.

पण जिथे एकच काम दोन कार्यालयांतून जाते, तिथे हीच रचना घातक ठरू शकते. टेक्सासमध्ये विजेचे नियमन गव्हर्नरने नेमलेल्या आयोगाकडे आहे, तर नैसर्गिक वायूचे नियमन निवडून आलेल्या ‘रेलरोड कमिशन’कडे; नाव रेल्वेचे असले तरी हा आयोग आता तेल आणि वायूचा कारभार पाहतो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात वायूच्या विहिरी गोठल्या, वायूअभावी वीजकेंद्रे थंडावली, आणि वीजकपातीत वायू पुढे ढकलणारी यंत्रेही बंद पडली, कारण त्यांतील अनेकांची नोंद अत्यावश्यक ग्राहक म्हणून झालेलीच नव्हती. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर वीज आयोगाच्या तिन्ही सदस्यांनी राजीनामे दिले. रेलरोड कमिशनचे सदस्य मात्र पदावर राहिले, आणि त्यांच्यापैकी एक २०२२ मध्ये पुन्हा निवडूनही आले. सत्ता वाटावी की नाही यापेक्षा ती कुठे वाटली जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. हिशेबाची तपासणी वेगळ्या हाती असणे हिताचे आहे. एकाच पुरवठासाखळीची दोन टोके परस्परांना उत्तरदायी नसलेल्या दोन आयोगांकडे देणे धोक्याचे आहे. २०२१ च्या कायद्याने वीज आणि वायूपुरवठ्यातील कळीच्या ठिकाणांचा एकत्रित नकाशा करणे बंधनकारक केले, परंतु नियमनाची ती विभागणी तशीच ठेवली.