सुपरहिरोचं अंग कोण ठरवतं? अ‍ॅक्शन फिगर्सची पार्श्वभूमी

सुपरमॅन कॉमिकमध्ये अवतरला १९३८ साली, बॅटमॅन त्याच्या पुढच्या वर्षी. आयडियल या अमेरिकी कंपनीने १९४० मध्येच लाकडी सांध्यांची, कापडी केप पांघरलेली सुपरमॅनची एक बाहुली काढली होती. तरी आज आपण ज्याला अ‍ॅक्शन फिगर म्हणतो, म्हणजे हातपाय मुडपता येणारा, हव्या त्या पवित्र्यात उभा करता येणारा सुपरहिरो, तो यायला साठचं दशक निम्मं उलटावं लागलं. एवढा उशीर का झाला, याचं उत्तर कॉमिकच्या पानांत सापडत नाही. या खेळण्यांची उंची, सांधे, कपडे, खोकं हे सगळं ठरत गेलं ते पात्रं वापरण्याच्या परवान्यांच्या करारांवर, प्लास्टिकच्या खर्चावर आणि दुकानदारांच्या समजुतींवर. पुढे तर खेळण्यांनीच कॉमिकच्या कथा फिरवल्या, आणि एका टप्प्यावर कॉमिकची कंपनीही.

उशिराचं पहिलं कारण साधं होतं: मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत, असं सगळा धंदा धरून चालला होता. १९५९ मध्ये मॅटेल कंपनीची बार्बी आली आणि एक नवं गणित मांडून गेली. बाहुली एकदाच विकायची, कपडे मात्र वर्षानुवर्षं विकत राहायचं. हेच गणित मुलग्यांसाठी वापरता येईल, हे हेरलं स्टॅन वेस्टन यांनी. ते खेळणी बनवणारे नव्हते, परवाने मिळवून देणारे एजंट होते. त्यांनी सैनिकाची कल्पना हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या डॉन लेव्हिन यांच्यापुढे ठेवली, आणि १९६४ मध्ये बारा इंची जी. आय. जो दुकानात आला. हॅस्ब्रोने ‘बाहुली’ हा शब्दच बाद केला आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ असं नाव रूढ केलं. माणसाच्या आकारावर हक्क सांगता येत नाही, म्हणून जोच्या गालावर एक व्रण ठेवला गेला. उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला आलं होतं, तेही मुद्दाम तसंच राहू दिलं. कुणी नक्कल केलीच तर चोर नखावरून सापडेल, हा हिशेब. वेस्टन यांना कल्पनेचे एक लाख डॉलर मिळाले. पुढे जोचं काय झालं ते पाहता, हा सौदा हॅस्ब्रोला फारच स्वस्तात पडला.

वेस्टन यांच्याच डोक्यातून निघालेला दुसरा माणूस म्हणजे १९६६ चा कॅप्टन अ‍ॅक्शन. हा आयडियलने काढला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत चलाख वस्तू तीच. कॅप्टन अ‍ॅक्शन स्वतः कुणीच नव्हता. त्याला पोशाख आणि मुखवटा चढवला की तो सुपरमॅन व्हायचा, बॅटमॅन व्हायचा, फँटम, फ्लॅश गॉर्डन, कॅप्टन अमेरिका व्हायचा. शरीर एकच, परवाने अनेक. वेगवेगळ्या प्रकाशकांची पात्रं एकाच अंगावर चढू शकली, कारण अंग कुणाच्याच मालकीचं नव्हतं. डॉक्टर ईव्हिल नावाचा निळ्या कातडीचा खलनायकही सोबतीला आला. पण १९६८ पर्यंत सगळा खेळ आटोपला.

एकाच शरीरावर अनेक पात्रं ही युक्ती मात्र टिकली, आणि तिच्यावर खरा धंदा केला मेगो या कंपनीने. मार्टी अब्राम्स यांच्या मेगोने आधी अ‍ॅक्शन जॅक्सन नावाचा आठ इंची, जोपेक्षा स्वस्त गडी काढून पाहिला. तो चालला नाही. पण त्याचं अंग तयार होतं, साचे तयार होते. १९७२ मध्ये त्याच अंगावर सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन आणि अ‍ॅक्वामॅन यांची डोकी बसवली, शिवलेले कपडे चढवले, आणि ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट सुपरहिरोज’ ही मालिका सुरू झाली. नवं पात्र म्हणजे नवं डोकं आणि नवे कपडे, बाकी सगळं जुनंच. शिवाय मेगोने डीसी आणि मार्व्हल या दोन्ही कॉमिक कंपन्यांचे परवाने घेतले होते. त्यामुळे मार्व्हलचा स्पायडरमॅन आणि डीसीचा सुपरमॅन एकाच मालिकेत, एकाच मापात शेजारी उभे राहिले. पुढच्या काळात हे दृश्य दुर्मीळ झालं, कारण दोन्ही घरांचे परवाने वेगवेगळ्या कंपन्यांकडे विभागले गेले.

या सुरुवातीच्या मेगोंचे हातपाय आत इलॅस्टिकने बांधलेले असत. आज जुना मेगो हातात घेतला आणि गुडघा लुळा पडला असेल, तर दोष बहुधा त्या इलॅस्टिकचा. सर्वांत आधीच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता यायचा, नंतर तो डोक्यातच ओतला गेला. पोरांनी ते सुटे मुखवटे हरवले, आणि म्हणूनच आता संग्राहक नेमके तेच शोधत फिरतात.

मेगोने १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा परवाना नाकारला. तो घेतला सिनसिनाटीच्या केनर कंपनीने, आणि १९७७ च्या नाताळात माल तयार नसताना रिकामं पाकीट आणि ‘फिगर्स नंतर पाठवू’ असं प्रमाणपत्र विकून दाखवलं! फिगर्स १९७८ मध्ये घरोघरी पोचल्या. त्या पावणेचार इंची होत्या. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटाने प्लास्टिक महागलेलं, त्यात लहान फिगर काढली की तिला बसायला यान आणि तळ हेही मुलांना परवडेल अशा मापात विकता येतात. मेगोचं दिवाळं १९८२ मध्ये निघालं.

सुपरहिरोंच्या बाबतीत इथे एक पंचाईत झाली. अंतराळवीराला यान लागतं, सैनिकाला जीप लागते. सुपरमॅनला काय लागतं? तो उडतो. मग यंत्र पात्राच्या बाहेर न ठेवता आतच बसवायचं, हा केनरचा तोडगा. १९८४ च्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेत सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारायचे. डीसीची काही पात्रं चित्रकार जॅक कर्बी यांनीही घडवली होती, पण जुन्या करारांमुळे त्यांना त्यातून पैसे मिळत नव्हते. या मालिकेसाठी डीसीने खलनायक डार्कसाइड आणि त्याच्या साथीदारांची रूपं कर्बी यांच्याकडून नव्याने काढून घेतली, म्हणजे मानधनाचा हक्क त्यांच्याकडे जाईल. कॉमिकने ज्या चित्रकाराला वाटा दिला नाही, त्याला तो खेळण्यांनी दिला.

डीसीचा परवाना केनरकडे गेल्यावर मॅटेलला सुपरहिरो हवेच होते, म्हणून त्यांनी मार्व्हलशी बोलणी केली. मॅटेलची अट होती की खेळण्यांना आधार म्हणून एखादी मोठी कथा असावी. शीर्षकाची मजा तर वेगळीच. मुलांवर केलेल्या पाहणीत ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द त्यांना आवडतात असं दिसलं, म्हणून कथेचं नाव ‘सीक्रेट वॉर्स’. मे १९८४ पासून बारा अंकांत ती निघाली, लिहिली संपादक जिम शूटर यांनी. खलनायक डॉक्टर डूमचं चिलखत फार मध्ययुगीन दिसतं, जरा आधुनिक करा, अशी मागणीही मॅटेलकडून आली होती, हे शूटर यांनीच नंतर सांगितलं. फिगर्सच्या हातात पालटत्या चित्रांच्या ढाली होत्या, ज्या कथेत फारशा कुणी वापरल्या नाहीत. खेळणी बेताचीच चालली. कॉमिक मात्र धो धो खपलं, आणि एक मोठी घटना काढून सगळे नायक एकत्र आणायचे ही रीत अमेरिकी कॉमिकमध्ये तिथून पक्की झाली.

नव्वदच्या दशकात सूत्रं टॉय बिझ या कंपनीकडे गेली. १९९३ मध्ये टॉय बिझने मार्व्हलला आपले ४६ टक्के समभाग दिले आणि बदल्यात मार्व्हलच्या पात्रांचा, मानधन न देता, एकमेव परवाना मिळवला. १९९६ च्या शेवटी मार्व्हल दिवाळखोरीत गेली, आणि १९९८ मध्ये जे एकत्रीकरण झालं त्यात वरचष्मा राहिला टॉय बिझवाल्यांचाच. आयझॅक पर्लमटर आणि खेळण्यांचे डिझायनर अवी अराद हे मार्व्हलचे कर्तेधर्ते झाले. पुढे सिनेमांचे जे युग आलं, त्याच्या मुळाशी खेळणी विकणारी ही माणसं होती, हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं.

याच कंपनीने न्यायालयात एक विलक्षण दावा जिंकला. अमेरिकी आयात नियमांत बाहुल्यांवर १२ टक्के कर होता, इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. बाहुली म्हणजे माणसाचीच प्रतिकृती, अशी व्याख्या. टॉय बिझचं म्हणणं पडलं की एक्स-मेन, म्हणजे मार्व्हलच्या कथांतले जन्मजात शक्ती असलेले म्युटंट, माणसं नाहीतच, तेव्हा कमी कर लावा. २००३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश जुडिथ बारझिले यांनी ते मान्य केलं. आम्हालाही माणूस समजा, असं चार दशकं जगाला विनवणारी ही पात्रं. आणि त्यांच्याच मालकाने, ५.२ टक्के वाचवायला, ती माणसं नाहीत हे शाबीत करून घेतलं. चाहते चिडले, आणि बरोबरच चिडले.

दरम्यान खेळायची फिगर आणि मांडून ठेवायची फिगर यांच्या वाटा फुटल्या होत्या. कॉमिक चित्रकार टॉड मॅक्फार्लन यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या ‘स्पॉन’ची फिगर स्वतःच काढली. पात्र त्यांचं, कंपनी त्यांची, परवाना मागायला कुणाकडे जायचं नव्हतं. सांध्यांपेक्षा कोरीवकामावर भर, प्रत्येक सुरकुती आणि साखळी वेगळी रंगवलेली. गिऱ्हाईक अर्थातच मोठी माणसं. २००२ मध्ये टॉय बिझच्या ‘मार्व्हल लेजंड्स’ने सहा इंची मापात दोन्ही साधलं: कोरीवकामही, आणि घोटा, बोटं, दुहेरी गुडघा असे सांधेही. २००५ मध्ये त्यांनी गॅलॅक्टस हा अवाढव्य खलनायक सुट्या भागांत वाटून प्रत्येक खोक्यात एकेक तुकडा घातला. पूर्ण गॅलॅक्टस हवा तर सगळे संच घ्या. यात संग्राहकाचं कौतुक कमी आणि दुकानाची सोय जास्त होती: जी दुय्यम पात्रं हुकावर धूळ खात लटकायची, तीही आता एखाद्या पायासाठी किंवा हातासाठी उचलली जाऊ लागली. २००७ पासून ही मालिका हॅस्ब्रोकडे आहे. बारा इंची मापही परतलं, पण खेळायला नव्हे. २००० मध्ये हाँगकाँगला सुरू झालेल्या हॉट टॉइजने खरे शिवलेले कपडे आणि नटाचा हुबेहूब चेहरा असलेली महागडी फिगर काचेच्या कपाटासाठी बनवली.

स्त्री पात्रं मात्र कायम मागे पडली. मेगोने सत्तरच्या दशकात वंडर वुमन, सुपरगर्ल, बॅटगर्ल आणि कॅटवुमन काढल्या होत्या, पण बायकांच्या फिगर्स मुलगे घेत नाहीत ही समजूत हटली नाही. २०१५ मध्ये अ‍ॅव्हेंजर्सच्या सिनेमात विमानातून मोटरसायकल खाली झोकते ती ब्लॅक विडो. त्या प्रसंगाच्या खेळण्यात मात्र गाडीवर कॅप्टन अमेरिका बसलेला होता. ओरड झाली ती योग्यच होती. ही समजूत मुलांची नव्हती, माल मागवणाऱ्यांची होती.

अलीकडचा मोठा तंटा खोक्यावरून झाला. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये घातलेली द्रव्यं वर्षांनी बाहेर झिरपतात आणि फिगर चिकट होते, पारदर्शक वेष्टण पिवळं पडतं. तरी न उघडलेल्या खोक्याला उघड्या फिगरहून जास्त भाव मिळतो. प्लास्टिक कमी करायचं म्हणून हॅस्ब्रोने २०२२ मध्ये खिडकी नसलेली बंद पुठ्ठ्याची खोकी आणली. डोळ्यांचा रंग सरकलाय का, चेहरा वाकडा आलाय का, हे आता घेण्याआधी बघताच येईना, आणि न उघडता मांडायची तर फिगर दिसेना. तक्रारींचा भडिमार झाला. २०२३ मध्ये कंपनीने वनस्पतिजन्य किंवा पुनर्वापराच्या प्लास्टिकची खिडकी परत आणत असल्याचं जाहीर केलं.