भांडण मिटवणं आणि भांडण सोडवणं
"सर, हा मला चिडवायलाय!" मधल्या सुट्टीत नळापाशी गलका होतो, दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या असतात, आणि आपण शिक्षक धावत जातो. "सॉरी म्हणा, हात मिळवा, चला वर्गात." दोन मिनिटांत काम होतं. हे झालं मिटवणं. शांततेचे धडे म्हणून शाळेत बहुतेक वेळा एवढंच घडतं, आणि मुलांचं नुकसान इथंच होतं असं मला मनापासून वाटतं. सोडवणं हे निराळं काम आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांना हा फरक चटकन कळतो, कारण त्यांनी घरात नाहीतर शेजारी माग पाहिलेला असतो. सुताचा गुंता कात्रीनं काढला की गुंता जातो, सूतही वाया जातं. सोडवायचा तर टोक शोधावं लागतं. भांडणाचं टोक बऱ्याचदा नळापाशी नसतंच. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या मराठी उच्चारांना वर्ग महिनाभर हसतो आणि एक दिवस तो कुणाला तरी ढकलतो. आपल्याला दिसतं ते ढकलणं. सॉरीही त्यालाच म्हणावं लागतं.

सोडवायचं ठरवलं तर आधी दोघांचं वेगवेगळं ऐकायचं. मग समोरासमोर बसवून प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं सांगायला लावायचं, तेही "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं तो दुसरा म्हणेपर्यंत. यात तास जातो, जाऊ द्यावा. तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत मन मोकळं होत असेल तर तसं बोलू द्यावं. मराठीत सांगणारा दोस्त वर्गातच सापडतो. तोड मुलांनीच काढायची, आणि आठवड्यानं आपण आठवणीनं विचारायचं. हसणाऱ्या बाकीच्या वर्गालाही बोलतं करायचं. सामाजिक जबाबदारी मुलं तिथं शिकतात, निबंधात नाही.

शांततेचं शिक्षण हा वेगळा विषय न राहता साऱ्या शिकवण्यातून यावं, हा विचार २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळीच मांडला गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. पण छडीशिवायही गप्प बसवता येतं.

इतिहासाच्या तासाला हाच धागा पुढे नेता येतो. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. चौघांची नावं आपण पाठ करून घेतोच. लष्कराच्या बळावर शहर गप्प केलं, तेव्हा लोकांचं गाऱ्हाणं सुटलं होतं का, हेही विचारावं. सातवी-आठवीची मुलं यावर फार चांगलं बोलतात.

मिटवणंही लागतं. हातात कर्कटक किंवा दगड असेल तर आधी दोघांना लांब करा, बोलणं नंतर. आणि एकच मूल रोज मार खात असेल तर ते भांडण नव्हेच. त्याला मारणाऱ्यासमोर बसवून "दोघं मिळून तोड काढा" म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. तिथं शिक्षकानं उघडपणे त्याच्या बाजूनं उभं राहावं, दोन्हीकडच्या पालकांना बोलवावं आणि मधल्या सुट्टीत स्वतः नळापाशी थांबावं.