पोलीस पाटील पदासाठी अर्ज करताना : पात्रता, कागदपत्रे आणि मानधनाची मर्यादा

गावाच्या पोलीस पाटलाची नेमणूक ‘महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७’ आणि त्याखालील १९६८ च्या सेवाप्रवेश आदेशानुसार होते. उपविभागीय अधिकारी, म्हणजेच प्रांत, ही नेमणूक करतात. सरपंचाची शिफारस किंवा ग्रामसभेचा ठराव यांना निवडीत स्थान नाही. पूर्वीच्या पाटलाचा मुलगा म्हणूनही कोणाला हक्क मिळत नाही, कारण वतनी पद्धत कायद्याने संपली आहे आणि वंशाच्या आधारे सरकारी पदावर हक्क सांगणे घटनेच्या अनुच्छेद १६ मध्ये बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अशाच एका ग्रामाधिकारी पदाच्या प्रकरणात १९६० सालीच ठरवले आहे. घरात पाटीलकी नव्हती म्हणून अर्ज न भरणाऱ्यांनी, विशेषतः महिलांनी, हे आवर्जून लक्षात घ्यावे. पदांना सामाजिक आणि महिला आरक्षण लागू असून आपल्या गावाचे पद कोणत्या प्रवर्गासाठी आहे, हे जाहिरातीत दिलेले असते.

उमेदवाराचे वय २५ ते ४५ वर्षांच्या दरम्यान असावे, तो दहावी उत्तीर्ण आणि त्या गावाचा कायम रहिवासी असावा. वय जाहिरातीत दिलेल्या दिनांकास मोजले जाते, अर्ज भरल्याच्या दिवशी नव्हे.

सर्वाधिक अडचण येते ती रहिवासाच्या पुराव्याबाबत. जाहिरातीत पद महसुली गावाच्या नावाने असते, तर आधार कार्डावर अनेकदा वाडीचे किंवा पाड्याचे नाव असते. कोकणात आणि आदिवासी भागात तर हे सर्रास दिसते. म्हणून रहिवासी दाखला घेतानाच त्यावर महसुली गावाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे आणि मतदार यादीतील नोंद त्याच्याशी जुळते का, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे. याशिवाय दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, राखीव पद असल्यास जात प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, तसेच लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यामार्फत होते, त्यामुळे दाखल गुन्ह्याची माहिती दडवू नये.

निवडीसाठी ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांची तोंडी परीक्षा घेतली जाते. पहिली नेमणूक पाच वर्षांसाठी असते, पुढे काम समाधानकारक असल्यास तिचे नूतनीकरण होते आणि वयाच्या साठाव्या वर्षी सेवा संपते.

आता पैशांबाबत. पोलीस पाटलाला वेतनश्रेणी नाही, मानधन आहे. ते शासनाने २०२४ मध्ये दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले. ही वाढ रास्तच होती, तरीही नियमित कर्मचाऱ्याला मिळणारे वेतन किंवा निवृत्तिवेतन यात नाही, हे अर्ज करण्याआधीच समजून घेतलेले बरे. या तुटपुंज्या उत्पन्नाची भरपाई म्हणून १९६८ चा आदेश पोलीस पाटलाला शेती करण्याची किंवा कर्तव्यात बाधा येणार नाही असा स्थानिक धंदा करण्याची मुभा देतो. मात्र अन्यत्र पूर्णवेळ नोकरी करता येत नाही. खासगी कंपनीत कायम कामाला असलेल्या उमेदवाराची निवड झाल्यास त्याला ती नोकरी सोडावी लागेल.

निवड नियमबाह्य झाली असे वाटल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, त्यासाठी जाहिरातीची प्रत, अर्जाची पोच आणि गुणांची यादी जपून ठेवावी.