27 सेकंद आगीत: रोमाँ ग्रोजाँ कशामुळे वाचला?

29 नोव्हेंबर 2020. बहारीनमधल्या साखीर सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीची पहिलीच फेरी. रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने पोलादी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. 27 सेकंदांनी तो त्यातून स्वतःच बाहेर पडला, एका पायातला बूट आतच सोडून. जगभर ‘चमत्कार, चमत्कार’ झालं. मला हे खटकतं. त्या शब्दाखाली कित्येक इंजिनियरांची वर्षानुवर्षांची मेहनत झाकली जाते.

ग्रोजाँ जिनिव्हात जन्मला, धावला फ्रान्सच्या नावावर. फॉर्म्युला वनमध्ये 179 शर्यती, दहा वेळा पहिल्या तिघांत, विजय मात्र एकही नाही. 2013 मध्ये आपल्याकडे ग्रेटर नोएडाला तो सतराव्या क्रमांकावरून निघून तिसरा आला होता. इतका जिगरबाज ड्रायव्हर, पण नाव झालं ते पहिल्या फेरीतल्या धडकांमुळे. 2012 मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर सुरुवातीलाच तो लुईस हॅमिल्टनच्या गाडीला भिडला आणि ग्रोजाँची गाडी उडून आणखी एक ड्रायव्हर, फर्नांडो अलोन्सो, याच्या डोक्याजवळून गेली. शिक्षा म्हणून एका शर्यतीची बंदी आली. उघड्या कॉकपिटमध्ये ड्रायव्हरचं डोकं किती असुरक्षित आहे, हे त्या दृश्याने साऱ्यांना दाखवलं.

अशा अपघातांच्या अभ्यासातून 2018 मध्ये ‘हेलो’ सक्तीचा झाला. कॉकपिटवर चपलेच्या अंगठ्यापट्टीसारखी दिसणारी ही टायटॅनियमची कमान. वजन जेमतेम सात किलो, पण चाचणीत ती सुमारे 12 टनांचा भार पेलते. ती रूप बिघडवते म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. खुद्द ग्रोजाँही आधी विरोधातच होता. बहारीनला कठड्याची मधली पट्टी फाटली आणि गाडीचं नाक त्यातून आरपार गेलं. वरची पट्टी डोक्यावर यायची, ती हेलोने उचलून धरली.

पण डोकं वाचलं तरी मान? धडकेचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या 67 पट होता. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण सहा किलो धरा. त्या क्षणी मानेवर चारशे किलोंची ओढ. हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली खांद्यांवरची ‘हान्स’ चौकट ती ओढ स्वतःवर घेते. ती 2003 पासून सक्तीची आहे. झटका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच होता, हेही महत्त्वाचं. ग्रोजाँ शुद्धीवर राहिला, म्हणून अडकलेला डावा पाय ओढून काढू शकला.

मग आग. सत्तर अंश तापमानाला त्वचा सेकंदाभरात भाजते. ड्रायव्हरचा पोशाख नोमेक्स धाग्याचा असतो. हा धागा वितळून अंगाला चिकटत नाही. तापला की कोळशासारखा होऊन फुगतो आणि उष्णता अडवतो. त्याच्या थरांमध्ये अडकलेली हवाही मदतीला येते. हातमोजे मात्र पातळ, कारण स्टिअरिंगवरची बटणं बोटांना जाणवावी लागतात. नेमके हातच भाजले. म्हणूनच अपघाताच्या चौकशीनंतर हातमोज्यांच्या उष्णतारोधावर नव्याने संशोधन हाती घेतलं गेलं.

फॉर्म्युला वन तिथेच संपलं. पण अमेरिकेत इंडीकार या शर्यतमालिकेच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, ‘फिनिक्स’ (राखेतून पुन्हा उठणारा पक्षी) म्हणू लागले. 2021 च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर (वळणावळणांच्या ट्रॅकवर) त्याने पोल, म्हणजे सर्वांत पुढून निघण्याची जागा, पटकावली आणि शर्यतीत दुसरा आला. अपघाताला सहा महिनेही झाले नव्हते.