पार्ट वन, पार्ट टू : आफ्रोबीटचे जुने अल्बम ऐकण्याआधी

आफ्रोबीट म्हणजे नायजेरियाच्या फेला कुटीने घडवलेलं संगीत. त्याचा जुना अल्बम पहिल्यांदा लावणाऱ्याला दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. एक म्हणजे अल्बममध्ये गाणी दोनच, कधी तर एकच. दुसरी म्हणजे गाणारा कितीतरी मिनिटं तोंडच उघडत नाही. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला ही दुसरी गोष्ट फारशी जड जाऊ नये. पहिलीचं कारण मात्र लागोस शहरातल्या फेलाच्या क्लबात शोधावं लागतं.

हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत), जॅझ, योरुबा लोकांचे ताल, अमेरिकन फंक ही वंशावळ कुठेही वाचायला मिळते, ती इथे पुन्हा उगाळत नाही. नाव १९६८ च्या सुमारास पडलं, १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात फेलाच्या अंगात राजकारण भिनलं. आज ज्यांना 'क्लासिक' म्हणतात त्यातले बहुतेक अल्बम १९७१ ते १९७८ या काळातले. माझ्या मते तर खरा माल तेवढाच. पुढच्या दशकातही चांगलं काम आहे, पण त्यात तोवरचा ड्रमर टोनी अ‍ॅलन नाही.

तर क्लब. नवं गाणं आधी तिथल्या गर्दीपुढे वाजायचं. रात्रीमागून रात्री घोळून ते पक्कं झालं की बँड स्टुडिओत जायचा, आणि एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं मंचावरून उतरायचं. परदेशातल्या श्रोत्यांनी ओळखीच्या गाण्याची फर्माईश केली तरी उत्तर नकाराचंच. आपल्याकडे रेकॉर्ड ही मैफलीची जाहिरात. तिथे ती गाण्याची अखेरची प्रत होती. म्हणून लांबीही क्लबातलीच ठेवली गेली. तबकडीच्या एका बाजूवर मावत नसेल तर गाणं मधोमध तोडायचं आणि लेबलवर 'पार्ट वन', 'पार्ट टू' छापायचं. 'कन्फ्युजन' (१९७५) हा पंचवीसेक मिनिटांचा अल्बम म्हणजे असं एकच गाणं. सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानो आणि ड्रम दोघंच, कुठल्याही ठेक्याला न बांधलेले, एकमेकांना चाचपत फिरतात. मग बास येतो आणि जमीन लागते. गिटार एक छोटासा तुकडा धरते आणि सोडतच नाही. त्यावर ब्रास चढतं. शब्द येतात ते बऱ्याच उशिरा, पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या मिश्र बोली इंग्रजीत, आणि मागून कोरस उत्तर देतो.

रेकॉर्ड म्हणजे शेवटची प्रत, हे ध्यानात घेतल्याशिवाय १९८५ चा वाद कळत नाही. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर निघालेल्या फेलाला लागोसच्या विमानतळावर पकडलं. परकीय चलनाचा आरोप, पाच वर्षांची शिक्षा. दौरा बुडाला. 'आर्मी अरेंजमेंट' या अल्बमचं रेकॉर्डिंग मात्र तयार होतं, आणि परदेशातल्या कंपनीने ते न्यूयॉर्कच्या एका निर्मात्याकडे सोपवलं. त्याने मूळ वादनातला काही भाग, त्यात सॅक्सोफोनही, काढून टाकला. वर ऑर्गन आणि इलेक्ट्रॉनिक ड्रम चढवले. वाजवणारे ऐरेगैरे नव्हते, आपापल्या प्रांतातले नावाजलेले होते. कंपनीची बाजूही समजू शकते : कलावंत तुरुंगात, मानवाधिकारवाल्यांमुळे त्याचं नाव जगभर गाजतंय, आणि हातातला ऐवज अर्ध्या तासाचं गाणं, जे अमेरिकेतलं कुठलंच रेडिओ स्टेशन लावणार नाही. त्या आवृत्तीमुळे काही नवे श्रोते मिळालेही असतील. पण ज्याने एकेक गाणं घोळवून मगच टेपवर बंद केलं, त्याला न विचारता ती टेप उघडली गेली. तुरुंगापेक्षा हे ऐकणं वाईट, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १९८६ च्या एप्रिलमध्ये तो सुटला. मूळ रूपातला अल्बमही उपलब्ध आहे. दोन्ही ओळीने लावून पाहा. नव्या आवृत्तीत ड्रम पुढे येऊन बसतात आणि मागची गिटारांची वीण दिसेनाशी होते. मला ती दहा मिनिटांच्या वर सोसवत नाही.

सीडीने केलेला बदल त्यापेक्षा सौम्य, म्हणून त्यावर कोणी फारसं भांडलं नाही. २००० च्या आसपास एका सीडीवर दोन-दोन अल्बम घालून पुनःप्रकाशन झालं. तबकडी उलटायची ती जागा सांधली गेली, दोन भागांचं एक गाणं झालं. क्लबात ते सलगच वाजत होतं, त्यामुळे हा जोड मूळ गाण्याच्या जवळचा, असंही म्हणता येतं. जोड्यांचा क्रम मात्र अजब : १९७५ चं 'कन्फ्युजन' आधी आणि १९७३ चं 'जेंटलमन' नंतर. स्ट्रीमिंगवर या जोड्या अजूनही भेटतात, आणि नवखा माणूस त्यांना एकच अल्बम समजतो. तिथल्या शोधात शेवटी 'स' लागलेलं 'आफ्रोबीट्स'ही मध्ये घुसतं; ते या शतकातलं, लागोस-लंडनचं तीन-तीन मिनिटांचं पॉप. नावापलीकडे नातं पातळ आहे.

सीडीवर मूळ तबकडीपेक्षा वेगळं रूप मिळण्याचं 'झॉम्बी' या अल्बमचंही तसंच. १९७६ च्या तबकडीवर दर बाजूला एक गाणं, प्रत्येकी बारा-तेरा मिनिटांचं. पहिल्यात सैनिकांची टर, आणि १९७७ च्या फेब्रुवारीत सैनिकांनी फेलाच्या घरावर चाल करून ते जाळलं. सीडीवर शेवटी 'मिस्टेक' लागतं, ते १९७८ च्या बर्लिन जॅझ महोत्सवातलं. त्या महोत्सवानंतर ड्रमरने बँड सोडला.