धक्क्यावर चालणारे यंत्र : ब्राउनिंग पिस्तुलाची रचना

नाशिककर ज्याला सर्रास गोल्फ क्लबचे मैदान म्हणतात, त्याचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत २० ब्राउनिंग पिस्तुले भारतात धाडली होती, हेही बऱ्याच जणांनी वाचलेले असते. त्या वाक्यातला ‘ब्राउनिंग’ हा शब्द मात्र आपण न थांबता ओलांडून जातो. वास्तविक, ज्या यंत्राचे ते नाव आहे ते त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचे होते आणि त्यामागचे भौतिकशास्त्र मुद्दाम थांबून समजून घेण्याजोगे आहे.

तोवर सर्वत्र चालत असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुढचे काडतूस नळीसमोर आणण्याचे काम नेमबाजाच्या बोटाच्या जोराने होई. गोळी सुटताना हाताला बसणारा धक्का वाया जात असे. हाच धक्का यंत्र चालवण्यासाठी वापरता येईल, हे हायरम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मशीनगनमध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि माझ्या मते पिस्तुलाच्या दृष्टीने हा शोध अधिक मोलाचा ठरला, कारण जुन्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर घन अवशेषांच्या रूपात उरतो आणि त्या काजळीत सूक्ष्म मापाचे सरकते भाग फार काळ टिकणे शक्य नव्हते. ह्यूगो बोर्कार्ट यांचे १८९३ चे पिस्तूल आणि त्यानंतरचे माउझर ही याच दारूमुळे शक्य झालेली यंत्रे होत. दोन्ही भारी आणि गुंतागुंतीची होती.

अमेरिकेतील ऑग्डेन गावचे जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी या गुंतागुंतीतून मोकळी वाट काढली. बेल्जियममधील एफएन (फाब्रिक नॅसिओनाल) या शस्त्रांच्या कारखान्याने त्यांच्या आराखड्यावरून बनवलेले ‘मॉडेल १९००’ हे ‘स्लाइड’ असलेले, कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेले पहिले पिस्तूल मानले जाते. स्लाइड म्हणजे नळीशी समांतर मागेपुढे सरकणारा पोलादी भाग. त्याचा मागचा जाड हिस्सा काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असतो आणि नळीचे मागचे तोंड बंद ठेवतो.

आता प्रश्न असा, की हे तोंड कोणत्याही कडी-कोयंड्याशिवाय बंद कसे राहते? गंगापूर धरणाच्या जलाशयात हलक्या नावेतून काठावर उडी मारली, तर नाव मागे सरकते आणि नाव जितकी जड तितकी ती सावकाश सरकते, हे आपण जाणतो. इथेही तेच घडते. या पिस्तुलाच्या ७.६५ मिलिमीटर काडतुसातील गोळीचे वजन सुमारे ४.६ ग्रॅम असते. स्लाइड ३०० ग्रॅमची धरली, तर ती गोळीच्या सुमारे ६५ पट जड झाली. म्हणजे गोळी नळीतून १० सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत स्लाइड ढोबळमानाने दीड मिलिमीटरच मागे हटते. या सगळ्याला एक सहस्रांश सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात काडतुसाची पितळी पुंगळी वायूच्या दाबाने फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. गोळी बाहेर पडताच दाब कोसळतो, पुंगळी आकसते आणि मिळालेल्या वेगाने स्लाइड मागे जात राहते. जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. दाबली गेलेली स्प्रिंग तिला परत पुढे लोटते आणि वाटेत ती मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसांच्या पेटीतले, वरचे काडतूस उचलून नळीत सारते. नळीचे तोंड स्प्रिंगच्या जोरावर बंद राहते, असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात दाबाच्या त्या क्षणी खरे काम करते ते स्लाइडचे वस्तुमान.

त्या काळी अशा पिस्तुलांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणत, तरी ती अर्ध-स्वयंचलितच होती. स्लाइड मागे गेली की चापाचा आतील भागांशी असलेला दुवा तुटतो आणि बोट सैल केल्याशिवाय तो पुन्हा जुळत नाही. म्हणून चाप एकदा दाबला की गोळी एकच सुटते. मॉडेल १९०० पाहताना आणखी एका गोष्टीने फसायला होते. पुढून त्यात एकावर एक दोन नळ्या दिसतात आणि वरची नळी गोळीची असावी असे वाटते. वस्तुतः वरच्या पोकळीत स्प्रिंग असते आणि खरी नळी तिच्या खाली असते. ही एकच स्प्रिंग स्लाइड पुढे आणण्याचे आणि काडतुसाच्या बुडावर आघात करणाऱ्या पिनेला जोर देण्याचे, अशी दोन्ही कामे करते. एवढी काटकसर मला आजही थक्क करते.

या रचनेची मर्यादा मात्र त्याच हिशेबात दडलेली आहे. ९ मिलिमीटरची साधारण ८ ग्रॅम वजनाची आणि अधिक वेगवान गोळी दुपटीहून जास्त संवेग (वस्तुमान गुणिले वेग) घेऊन निघते. तेव्हा नुसत्या वजनावर भिस्त ठेवायची, तर स्लाइड खिशात न मावण्याइतकी जड करावी लागेल. ब्राउनिंग यांनी यावर काढलेला तोडगा १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलात दिसतो. त्यात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून सुरुवातीचे थोडे अंतर एकत्रच मागे जातात. दाब उतरल्यावर एक छोटा सांधा नळीचे मागचे टोक खाली ओढतो आणि मग स्लाइड एकटीच मागे जात राहते. ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममधील त्याच एफएन कारखान्यात काम करत असताना निवर्तले. त्यांनी हाती घेतलेले शेवटचे पिस्तूल द्यूदोने सैव्ह यांनी पूर्णत्वास नेले आणि ते १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ या नावाने बाजारात आले. त्यात सांध्याऐवजी नळीच्या बुडाशीच तिरकी खाच ठेवलेली आहे आणि मॅगझिनमध्ये दोन ओळींत १३ काडतुसे बसतात. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत भारतीय सैन्यासाठी तयार झालेले ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ याच हाय-पॉवरच्या घराण्यातले आहे.