नाव एकच, पण टाइप एक की दोन?

हिंजवडी-खराडीत जावा सोडून डॉटनेटच्या प्रोजेक्टवर गेलेल्यांची एक गल्लत हमखास होते. सी शार्प या डॉटनेटच्या भाषेतले टास्क आणि टास्क<इंट> म्हणजे जावातल्या लिस्ट आणि लिस्ट<स्ट्रिंग>सारखंच प्रकरण, असं ते धरून चालतात. तसं अजिबात नाही.

जावात जेनेरिक्स, म्हणजे ब्रॅकेटमध्ये दुसरा टाइप घेणारे टाइप, आले २००४ मध्ये, जावा ५ सोबत. जुना कोड चालू ठेवायचा होता, म्हणून कंपाइलर टाइप तपासून घेतो आणि मग ब्रॅकेटमधला टाइप पुसून टाकतो. रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालताना, लिस्ट एकच. ब्रॅकेटशिवाय लिहिलात तर तो त्याच टाइपचा 'रॉ' वापर. वॉर्निंग येते, कोड चालतो. एकाच पॅकेजमध्ये बॉक्स आणि बॉक्स<टी> असे दोन क्लास मात्र लिहिता येत नाहीत.

सी शार्पने २००५ मध्ये, आवृत्ती २.० पासून, वेगळी वाट धरली. तिथे टाइप पॅरामीटर (ब्रॅकेटमधले टाइप) किती, हाही ओळखीचाच भाग; म्हणून टास्क आणि टास्क<इंट> हे दोन वेगळे टाइप. पुणेकरांना माधवराव आणि सवाई माधवराव वेगळे सांगावे लागत नाहीत, तसंच हे. मेटाडेटात, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलमधल्या टाइपांच्या माहितीत, हा 'सवाई' उघड दिसतो: लिस्ट`१, डिक्शनरी`२. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधून, नावावरून टाइप शोधताना हा बॅकटिक (`) आणि आकडा गाळलात, तर हाती नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो.

एकाच नावाच्या अशा दोन टाइपांत नातं असेलच असं नाही. टास्क<टी> हा टास्कपासून निघालेला आहे; पण नलेबल हा स्टॅटिक क्लास आणि नलेबल<टी> हा स्ट्रक्ट, त्यांच्यात वारसा नाही.

खरा त्रास देतो आयइन्युमरेबल, म्हणजे कलेक्शनमधले घटक एकेक करून देणारा इंटरफेस. तोही दोन रूपांत आहे. जुना सिस्टम.कलेक्शन्स या नेमस्पेसमध्ये (टाइपांच्या कप्प्यात) राहतो, जेनेरिक सिस्टम.कलेक्शन्स.जेनेरिकमध्ये. डॉटनेट ६ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये दुसरी नेमस्पेस आपोआप येते, पहिली नाही. त्यामुळे ब्रॅकेट विसरलात की एरर सीएस०३०५: एक टाइप आर्ग्युमेंट हवं. घाईत लोक जुनी नेमस्पेस जोडतात आणि एरर गप्प होते. पण मग प्रत्येक घटक नुसता ऑब्जेक्ट, आणि लिंकचा (एलआयएनक्यू, कलेक्शनवर क्वेरी चालवायची सोय) व्हेअर चालवायला आधी कास्ट करा, म्हणजे घटकांचा टाइप सांगा! माझं स्पष्ट मत: नेमस्पेस जोडू नका, ब्रॅकेटमध्ये टाइप लिहा.

जुना आयइन्युमरेबल खरोखर लागतो तो स्वतःचा कलेक्शन क्लास लिहिताना. जेनेरिक इंटरफेस त्याच्यावरच उभा असल्याने गेटइन्युमरेटर ही त्यांची मेथड दोनदा लिहावी लागते. दोन्हींत फरक फक्त रिटर्न टाइपचा, म्हणून जुनी एक्स्प्लिसिट, म्हणजे पुढे इंटरफेसचं नाव जोडून, लिहायची आणि तिच्यातून नवीला कॉल करायचा.